पेढे भरवले कुणी?

कुपवाडच्या एका कारखान्याला वेल्डर हवे होते. मंदाकिनी घोलपनं नऊ वर्षांचा अनुभव लिहून अर्ज केला, तो अर्ज चाळणाऱ्या एआय मशीननं मिनिटात नाकारला. तोच अर्ज तिनं शिंपीकाम करणाऱ्या भावाच्या नावानं पाठवला, तर लगेच मुलाखतीचं बोलावणं! नकार आणि बोलावणं, दोन्ही कागद घेऊन मंदाकिनी थेट कामगार अधिकाऱ्यांकडे गेली.

सुनावणीला मालक बापूसाहेब राजमाने ऐटीत आले. "साहेब, बाईमाणूस म्हणून मी कुणाला नाकारलेलं नाही. जाब विचारायचा तर मशीनला विचारा."

मंदाकिनीनं नव्या भरतीचा पेपरात आलेला फोटो टेबलावर ठेवला. "या चाळीस जणांना पेढे कोण भरवतंय?"

"मीच की!" बापूसाहेबांची छाती फुगली. "पारखून घेतलेली माणसं आहेत माझी."

"त्यांनाही मशीननंच निवडलं ना? मग पेढे मशीननं का नाही भरवले?" मंदाकिनी उसळली. "घेतलं की पारख तुमची, आणि डावललं की चूक मशीनची?"

अधिकाऱ्यांनी 'जबाबदार व्यक्ती'च्या रकान्यात बापूसाहेबांचं नाव लिहून कागद पुढे सरकवला.

"सही तुम्ही करताय," मंदाकिनीनं विचारलं, "का मशीनला बोलावू?"