महाराज तारकोंडात मुक्कामाला

“समुद्राला माफ केलं, तो काही माझा नोकर नाही. पण त्याच्याखेरीज तीन दिवस कुणाचाही आवाज कानी आला, तर याद राखा!” महाराज रणधवल कडाडले. शांततेचा हा हुकूम त्यांनी इतक्या मोठ्यानं दिला, की माडावरचे कावळे उडाले.

तारकोंड हे खाडीकाठचं एवढंसं गाव. दोन्ही बाजूंना दोन बंदरं. तिथं जहाजं, जत्रा, हौशे-गवशे, पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीला विटून महाराज इथं आले होते. भाट, आचारी, शिपाई सगळे त्यांनी खाडीपलीकडच्या माळावर ठेवले आणि स्वतः एकटेच सोमा गावकरांच्या माडीवर उतरले. आले तेव्हा म्हणाले, “वा! काय शांतता!” दुसऱ्याच दिवशी कोंबड्यांबद्दल तक्रार. मग भात कांडणाऱ्या मुसळांबद्दल. मग म्हणे, रापणीचं जाळं ओढताना माणसं आरडाओरडा का करतात, मनातल्या मनात का ओढत नाहीत!

“आणि जो आवाज करील,” महाराज पुढे म्हणाले, “त्यानं त्या क्षणी गाव सोडायचं. घर सरकारजमा! गाव रिकामं झालं तर उत्तमच. मी इथं विश्रांतीमहाल बांधीन.”

सोमा गावकरांची सून आवडी दाराआड उभी होती, कडेवर तान्हं पोर. पोराला दात येत होते, त्यामुळे त्याचं भोकाड अखंड चालू. आवडीनं मनाशी हिशेब केला. सगळ्यांत आधी घर जाणार ते आपलंच! मेला हा राजा! तान्ह्या पोराला हुकूम वाचून दाखवणार कोण?

पण रडत बसेल ती आवडी कसली! पदर सावरून ती पुढे झाली.

“महाराज, हुकूम सगळ्यांना सारखा ना?”

“सगळ्यांना! वेशीच्या आत जो असेल त्या प्रत्येकाला. लहान नाही, थोर नाही!”

“मग झालं तर! उद्यापासून पाळू.”

महाराज माडीवर जाताच सासरे खेकसले, “अगो, डोकं फिरलं काय तुझं? कोंबड्याची चोच धरून बसणार आहेस?”

“मामंजी, गावपळण करू या.”

गावपळण ही त्या मुलखातली जुनी रीत. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवीचा कौल घ्यायचा आणि अख्ख्या गावानं गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर खोपटी बांधून तीन दिवस राहायचं. तेवढे दिवस गाव देवीचं. यंदा खरं तर गावपळणीचं वर्ष नव्हतं. पण विचारलं, तर देवीनं झटक्यात कौल दिला. तिचीही झोप मोडली असणार!

उजाडता उजाडता सगळं गाव होड्यांत बसून खाडीपार, वेशीबाहेर. माळावर महाराजांच्या माणसांशेजारीच खोपटी उभी राहिली.

पहिला दिवस महाराज खूश. ना मुसळ, ना कोंबडा! दुपारी मात्र वाटलं, जेवायला कुणी बोलवत कसं नाही? हाक मारणार, तोच स्वतःचाच हुकूम आठवला. मुकाट खाली येऊन बघतात तो चूल थंड, शिंकं रिकामं. मुसळ वाजलं नाही म्हणून तांदूळ नाही, जाळं ओढलं नाही म्हणून मासळी नाही. चूल पेटवायला गेले, तर मिशा तेवढ्या होरपळल्या.

दुसऱ्या दिवशी शहाळी दिसत होती, पण माडाच्या शेंड्याला! महाराज खालून बघत बसले. खाडीपलीकडून तळलेल्या बांगड्यांचा वास येत होता. त्यांचेच आचारी गाववाल्यांना आग्रह करकरून वाढत होते!

तिसऱ्या दिवशी धीर सुटला. काठावर उभं राहून महाराजांनी बोंब ठोकली, “अगं आवडीऽऽ! पेज आण गं!”

माळावर सगळ्यांच्या माना वळल्या. आवडीनं होडी वल्हवत आणली आणि काठापासून हातभर अंतरावर थांबवली.

“महाराज, तुम्ही ओरडलात?” ती कुजबुजली.

“ओरडलो! भुकेनं जीव चाललाय माझा!”

“तीन दिवसांत गावात आवाज झाला तो हा एवढाच. वेशीच्या आत जो आवाज करील, त्यानं त्या क्षणी गाव सोडायचं. लहान नाही, थोर नाही. हुकूम कुणाचा, ते मी काय सांगू? बसा होडीत. पेज पलीकडे उकळतेय.”

“आणि तुझं पोर? ते काय गप्प बसलं होतं?”

“गप्प कुठलं! रात्रंदिवस कोकलतंय. पण वेशीबाहेर, महाराज!”

महाराज असे खदाखदा हसले, की होडीत बसताना पाण्यातच पडायचे. पेज ओरपून झाल्यावर म्हणाले, “घरं तुमची तुम्हाला. आता तुला काय हवं ते माग!”

“एवढंच करा. बंदरात कुणी विचारलं, तारकोंड कसं आहे, तर सांगा, काही नाही हो तिथं! साधी पेजसुद्धा मिळत नाही!”

“त्यात खोटं काय आहे?” महाराज पुन्हा हसत सुटले. गळ्यातला कंठा काढून त्यांनी आवडीच्या हातात ठेवला आणि बंदरात पोचताच, कुणी विचारायच्या आधीच, भाटांकरवी तारकोंडाची भर बाजारात बदनामी करवली.