जीपच्या बॅटरीचा संशय

लई वर्षं झाली, केरबातात्यांची जीप फक्त लग्नसराईत बाहेर निघायची. औंदा तर लेकीची वरात तिच्यातूनच काढायची होती. उभ्या जीपची बॅटरी उतरू नये म्हणून तात्यांनी दोन चार्जर आणले.

धाकटा चार्जर जराशी वीज वाढायचा, थांबायचा आणि विचारायचा, "पोट भरलं का गं?"

"विचारतोय म्हणजे हात आखडतोय मेला," बॅटरी पुटपुटली. "याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे."

थोरला न विचारता वाढतच राहायचा. "घे गं बाई, लाजू नकोस!" तिनं त्यालाच धरून ठेवलं.

वरातीला जीप हललीच नाही. बॅटरी फुगलेली, पोटातलं पाणी आटलेलं. तात्यांनी धावत जाऊन नवी आणली.

भंगारात निघालेली जुनी नवीच्या कानात म्हणाली, "बये, संशय जरूर घे. पण आग्रह करणाऱ्याचा घे."