दुसऱ्याचं कोकरू

भुकेल्या कोकराचं ते ओरडणं अजून माझ्या कानात आहे. बारीक, चिरकं, न थांबणारं. आणि त्याच्यावर आवाज चढवून निमसोडकर मास्तर विचारत होते,

"खायला घालतो, ल्यायला देतो, शाळेत घातली. अजून काय करायचं माणसानं, आबा?"

 मायाप्पा आबा एका मेलेल्या कोकराचं कातडं सोलत होते.

आबा माझे गुरू. मी तेव्हा तिशीत होतो, त्यांच्या हाताखाली मेंढरं राखायचो. अक्षर त्यांना येत नव्हतं, मलाही बेताचंच. पण नडलेली माणसं कळप शोधत माळावर त्यांच्याकडे यायची.

मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. वर्षापूर्वी त्यांची मुलगी मंदा तापानं गेली. चार महिन्यांनी बहीण वारली, आणि तिची सहा वर्षांची शकू त्यांच्या घरी आली.

"इंग्रजीत एक शब्द आहे, फॉस्टर," मास्तर म्हणाले. "दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून वाढवणं. मुळात त्याचा अर्थ काय होता, ठाऊक आहे? अन्न. नुसतं अन्न! त्यावरून खाऊ घालणं, त्यावरून पोसणं, आणि मग परक्याचं लेकरू सांभाळणं. हजार वर्षांचा जुना शब्द आहे. त्या हिशेबानं माझं काही चुकलेलं नाही."

"साहेबलोकांचीबी मेंढरं हुती म्हना की," आबा म्हणाले.

मास्तर हसले नाहीत.

"पोरगी माझ्याजवळ येत नाही. मी खोलीत शिरलो की भिंतीला चिकटते. सोमवारी साताऱ्याला बोर्डिंगात ठेवून येतो. ठरलंय."

"कवापास्नं चिकटती?"

"दिवाळीपासून. मंदाचा झगा घातला होता तिनं, ट्रंकेतून काढून. मी... अंगावरून ओढून काढला."

 आबांनी कातडं झटकलं. ओरडणाऱ्या कोकराला मांडीत घेतलं आणि ते कातडं त्याच्या अंगावर चढवलं. एकेक पाय अलगद बाहेर काढला.

या कोकराची आई लांडग्यानं नेली होती. ज्या मेंढीचं कोकरू मेलं होतं, ती सकाळपासून या पोरक्याला लाथा मारत होती.

आबांनी ते तिच्यापुढे सोडलं.

मेंढीनं हुंगलं. पुढून हुंगलं, मागून हुंगलं. आम्ही तिघं श्वास रोखून उभे.

मग तोंड मिटलेलंच, पण तिच्या घशातून काहीतरी घुरघुरलं... मेंढी तसं फक्त स्वतःच्या तान्ह्याशी बोलते. कोकरू कासेला लागलं. त्याची एवढीशी शेपटी थरथरायला लागली.

मी हे कितीदा पाहिलंय. दर वेळी अंगावर काटा येतो.

मास्तरांनी चपला काढल्या. का काढल्या, ते त्यांनाही कळलं नसावं.

"फसली बिचारी," ते अगदी हळू म्हणाले.

"फसंल कशी? तिच्या म्होरंच सोललंय की."



"म्हणजे तिला माहीत आहे?" मास्तरांनी विचारलं.

"त्ये तिलाच इचारा."

मास्तरांनी कोकराकडे बोट केलं.

"हे कातडं किती दिवस ठेवणार?"

"चार दीस. मग वास मारतंय. काढून टाकायचं."

"आणि ते काढल्यावर तिनं लाथ मारली तर?"

"न्हाई मारत. तवर तिचं दूध त्येच्या अंगात उतरतंय. तिला त्येचा तिच्यासारखाच वास येतोय."

"म्हणजे अन्नच!" मास्तरांचा आवाज पुन्हा वर्गातल्यासारखा झाला. "मी तेच म्हणत होतो. शब्द बरोबरच आहे. मग कातड्याचं सोंग कशाला, आबा? भुकेल्या कोकराला दूध मिळालं की झालं. त्याला कातड्याचं काय?"

आबांनी रक्ताचे हात मातीत चोळले.

"कोकराला कातडं लागतच न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "मेंढीला लागतंय."

"मंदाचा झगा अजून ट्रंकेतच आहे," मास्तर म्हणाले.  मग चपला पायात सरकवून ते वळले आणि गावाकडे चालू लागले.