हत्तीच्या पोटातलं भगदाड

“…मग तुम्हीच सांगा अप्पा, घर कुणाचं? सजवणाऱ्याचं, का फोडणाऱ्याचं?”

रेवणसिद्ध बिराजदार मठाच्या ओसरीवर वहाणांसकट चढला होता. रागानं त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मठाचे अप्पा पूजेसाठी बेलाची पानं निवडत बसले होते. म्हातारं, किडकिडीत शरीर. खांद्यावर भगवी शाल.

“वहाणा,” अप्पा म्हणाले.

रेवणसिद्ध खाली उतरला, वहाणा काढल्या, पुन्हा वर आला. राग होता तेवढाच होता.

“कुणी फोडलं?”

“नीलावतीनं. माझ्या बायकोनं. पहार घेऊन!”

“काय फोडलं?”

“हत्ती.”

अप्पांचे हात थांबले.

रेवणसिद्धाचं घर गावात नव्हतं, शेतात होतं. आजोबानं बांधलेलं, जाड मातीच्या भिंतींचं, वर माळवद. वडील गेले तेव्हा भिंतींचे पोपडे सुटले होते आणि पावसाळ्यात छतातून पाण्याबरोबर विंचू पडत होते. रेवणसिद्धानं ते घर हातात घेतलं. एकदम नाही, दर सुगीला थोडं थोडं. एका सुगीला गिलावा, एका सुगीला फरशी. होता होता असं घर झालं, की रस्त्यानं जाणारे बैलगाडी थांबवून बघायचे.

यंदाचं काम रस्त्याकडच्या भिंतीचं. सोलापूरहून रंगारी आणून त्यानं तिच्यावर अंबारीचा हत्ती काढून घेतला होता. येत्या सोमवारी, श्रावणातल्या, अप्पांची पाद्यपूजा त्याच्या घरी व्हायची होती. हत्ती त्यासाठीच होता.

“काचेची हंडी आणायला मी सोलापूरला गेलो,” रेवणसिद्ध म्हणाला. “परत येतो तर हत्तीच्या पोटात भगदाड! आणि त्यातनं धूर! माणसं रस्त्यात उभी राहून हसतायत. बिराजदारांच्या हत्तीनं पेटती विडी गिळली म्हणतात!”

“तिला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? भिंतीच्या आतल्या अंगाला सैपाकघर आहे. म्हणते, खिडकी पाडली. ही खिडकी? घुशीनं उकरल्यासारखं दिसतंय.”

“मग?”

“सांगितलं तिला, संध्याकाळच्या एसटीनं भावाकडे जा. पाद्यपूजा होईपर्यंत तोंड दाखवू नको. पुढचं पुढं बघू.”

“काय म्हणाली?”

रेवणसिद्ध जरा अडखळला.

“म्हणाली… भाकरी करून जाते.”

अप्पांनी बेलाची पानं ताटलीत सारली. काठी घेतली.

“चल.”

“आत्ता? अप्पा, तुम्ही सोमवारी या. आत्ता घर तसलं…”

अप्पा पायऱ्या उतरून गेलेसुद्धा.

वाटेत रेवणसिद्धच बोलत होता. रंगाऱ्यानं हत्तीच्या डोळ्याला किती वेळ घेतला, अंबारीचा लाल रंग कसा मिळत नव्हता, बायकांना कशाचीच किंमत कशी नसते.

घर आलं. हत्ती खरंच देखणा होता. सोंड उचललेली, कपाळावर वेलबुट्टी. पोटाच्या जागी हातभर भगदाड, कडेची माती ओली, रंगाचे तुकडे खाली सांडलेले.

अप्पा क्षणभर उभे राहिले. मग आत गेले.

आत जाताच रेवणसिद्धाचा आवाज बदलला. राग तसाच राहिला, पण वर अभिमान आला.

“हा दरवाजा बघा अप्पा. एका गढीचा आहे. ते लोक जाळायला काढत होते, मी उचलून आणला… फरशीवर पाय ठेवून बघा, उन्हाळ्यातसुद्धा गार… आणि ही वर तक्तपोशी. सागवानी फळ्या. सगळ्या घराला एकसारखी.”

भिंतीवर त्याच्या आईचा फोटो होता. सोनेरी चौकटीत, चंदनाचा हार घातलेला.

अप्पांनी सगळं पाहिलं. चांगलंही म्हणाले नाहीत, वाईटही नाही.

“सैपाकघर कुठं?”

“तिकडं बघण्यासारखं काही नाही अप्पा. तिथलं काम अजून काढलं नाही. ते शेवटी.”

अप्पा काठी टेकत आत गेले.

नीलावती चुलीपाशी बसली होती. हात पिठात, डोळे लालभडक. अप्पांना बघून ती उठली, पदर सावरला आणि लांबूनच नमस्काराला वाकली.

“शरणु शरणार्थी, अप्पा.”

भगदाडातून उजेडाचा एक पट्टा येऊन बरोबर काटवटीतल्या पिठावर पडला होता. चुलीचा धूर त्या उजेडाच्या रोखानं बाहेर जात होता. बाकीची खोली काळी होती. भिंती काळ्या, वरच्या सागवानी फळ्याही काळ्या.

अप्पांनी वर पाहिलं.

“इथं धुराडं नव्हतं का?”

“होतं. बुजवलं,” रेवणसिद्ध म्हणाला. “त्यातनं पाणी गळायचं. तक्तपोशी नासली असती.”

अप्पांनी खांद्यावरची शाल काढली. तिचा बोळा केला. भिंतीपाशी गेले आणि तो बोळा भगदाडात कोंबला. काठीच्या टोकानं ठोकून घट्ट बसवला.

खोलीत अंधार झाला.

“बघ!” रेवणसिद्ध बायकोवर ओरडला. “बघितलंस? अप्पांनी स्वतःच्या हातानं बुजवलं!”

नीलावती पुन्हा काटवटीपाशी बसली होती. पिठातला हात तेवढा थांबला.

“लेकी, चुलीत तुराट्या घाल,” अप्पा म्हणाले. “भाकरी होऊ दे.”

तिनं घातल्या, भाकरी तव्यावर टाकली. श्रावणातल्या तुराट्या, दमट. चूल फुसफुसली आणि पांढऱ्या धुराचा लोट वर उठला. फळ्यांना लागून खाली वळला.

अप्पा चुलीशेजारी मांडी घालून बसले.

“बैस, रेवणसिद्ध.”

“इथं? बाहेर सोप्यात पाट मांडलाय की अप्पा.”

“इथंच. घराचं सांग. पहिल्यापासनं सांग, मला ऐकायचंय.”

रेवणसिद्ध बसला. घराचं सांगायचं म्हटल्यावर त्याला नाही म्हणवेना.

“पहिल्यांदा… गिलावा केला. भिंती अशा झाल्या होत्या अप्पा, की बोट लावलं तर…” त्याला ठसका लागला. “मग फरशी. शहाबादी. गाडी चिखलात रुतली, बैल जोडून…”

तो डोळे पुसायला लागला.

“मग?”

“मग तक्तपोशी. सुतार ऐकत नव्हता. मी म्हटलं… मी म्हटलं, फळीला फळी अशी बसली पाहिजे की…” पुढचं खोकल्यात गेलं.

“की काय?”

“…की मुंगी जाणार नाही.”

“छान. मग?”

रेवणसिद्ध उठायला लागला. अप्पांनी काठी त्याच्यापुढं आडवी धरली.

“दरवाजाचं राहिलं.”

“अप्पा, श्वास…”

“हत्तीचंही राहिलं. बैस.”

अप्पांच्या स्वतःच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हातारी छाती भात्यासारखी वाजत होती. पण ते हलले नाहीत.

“बास झालं!”

नीलावती उठली होती. तिनं शालीचं टोक धरलं, हिसका मारून बोळा बाहेर ओढला आणि दोघांच्या मधे टाकला. भगदाडातून वारा आला. धूर तिकडं धावला.

“बास झालं अप्पा. धडा तुम्ही ह्यांना शिकवताय, पण डोळे माझे जातात.”

“नीलावती!” रेवणसिद्ध खोकतच ओरडला.

“आता मला बोलू द्या. संध्याकाळी जायचंच आहे, तर बोलून जाते.” तिचा आवाज चढला. “दर सुगीला मी म्हणायची, यंदा सैपाकघर. दर सुगीला हे म्हणायचे, पुढच्या सुगीला. फरशी आली. दरवाजा आला. खुंट्यांना पितळेची टोपणं आली! आणि धुराला होती तेवढी वाटसुद्धा बुजवली. का? तर फळ्या नासतील!”

तिनं पिठाचा हात बाहेरच्या सोप्याकडे केला.

“बाहेर आत्याबाईंचा फोटो लावलाय. तुमच्या आईचा. सोनेरी चौकट. शेवटी शेवटी माझा हात धरून त्या चुलीपर्यंत यायच्या. दिसायचं नाही, तरी भाकरी थापायच्या. त्यांचे डोळे कशानं गेले, कधी विचारलंत कुणाला?”

“वय… वय झालं होतं तिचं.”

“त्यांचा थोरला भाऊ अजून सुईत दोरा ओवतो!”

तव्यावरची भाकरी करपत होती. नीलावतीचं तिकडं लक्ष नव्हतं.

ती अप्पांकडे वळली. पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही.

“आणि तुम्ही. दर श्रावणात बाहेर पाटावर बसलात. भाकरी मऊ झालीय म्हणालात. बिराजदारांचं घर म्हणजे घर, असं चार माणसांत म्हणालात. ते ऐकून ह्यांना आणखी चेव चढायचा. भाकरी येते कुठनं, हे बघायला एकदा तरी आत आलात?”

“अगं कुणाशी बोलतेस तू!” रेवणसिद्ध ताडकन उठला. “अप्पा आहेत ते! पाया पड. आधी पाया पड!”

अप्पांनी हात वर केला. त्याला थांबवलं.

“नाही आलो,” ते म्हणाले.

…

रेवणसिद्ध भिंतीला टेकून उभा राहिला. डोळे चोळले. त्यानं तव्याकडे पाहिलं, काळ्या फळ्यांकडे पाहिलं. मग कुणाकडेच न बघता म्हणाला,

“जाऊ नको भावाकडे.”

नीलावतीनं आता पदर सावरला.

“मी करून देतो खिडकी. नीट करतो. सागवानी चौकट घालू. वर कमान काढू. रंगीत काचा बसवू, हिरव्या नि लाल. रंगाऱ्याला पुन्हा बोलावतो, हत्तीची झूल खिडकीभोवती अशी घेऊ की…”

“काच?” नीलावती म्हणाली. “काच लावल्यावर धूर कुठनं जाणार?”

रेवणसिद्धाचा हात हवेत कमान काढता काढता तसाच राहिला.

अप्पांनी करपलेली भाकरी तव्यावरून उचलली. बोटं भाजली, तरी उचलली. मोडून एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

“लेकी.”

“काय, अप्पा?”

“मठात सैपाक कोण करतं?”

“रोजचा चन्नव्वा करते. यात्रेला नि सणाला गावातल्या आम्ही सगळ्या.”

“त्या सैपाकघराला खिडकी कुठल्या अंगाला आहे?”

नीलावती त्यांच्याकडे बघत राहिली. हे खरंच विचारतायत, का अजून एखादा धडा आहे, तिला कळेना.

“तुम्ही तिथंच राहता अप्पा. तुम्हाला ठाऊक नाही?”

“…नाही.”

“खिडकी नाही तिथं. कधीच नव्हती. चन्नव्वा पावसाळाभर खोकते. तिकडच्या अंगाला तुमची ध्यानाची खोली आहे ना, धूर जाईल म्हणून ठेवली नाही म्हणतात.”

चूल विझत आली होती. नीलावतीनं ती फुंकली नाही.

मग अप्पा काठीवर भार देऊन उठले.

“पहार कुठं आहे?”

“परसात.”

“घे. माझ्याबरोबर मठात चल. कुठं फोडायचं ते तूच दाखव.”

रेवणसिद्ध पुढं आला. त्याचा आवाज पुन्हा चढला.

“अप्पा, मठाची भिंत? तुमच्या गुरूंच्या हातची! ध्यानाच्या खोलीत धूर येईल. गाव काय म्हणेल? आणि ही बाई पहार घेऊन गावातनं चालत जाणार? पहार तरी मला घेऊ द्या. मी येतो. मी फोडतो.”

“तू नको.”

“का नको? माझ्यासारखं काम कुणाला जमतंय इथं? एवढं घर मी उभं केलं…”

नीलावती परसातून पहार घेऊन आली होती. हाताला अजून पीठ होतं. अप्पा उंबऱ्याबाहेर पडले, ती त्यांच्या मागं निघाली.

“मग मी काय करू, अप्पा?” रेवणसिद्ध दारातून ओरडला. “मी इथं बसून काय करू?”

अप्पा न थांबता म्हणाले,

“पीठ मळलेलं आहे. भाकरी थाप.”