कडू चहाचा न्याय

पूर्वी पहाडाच्या पायथ्याशी शिलावती नगरात चंडवर्मा राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व राजाचा चहा करणाऱ्या घराण्यात जन्मला. त्याचे नाव उत्तिय.

पहाडातली केसिनी हिरवी पाने खुडून, कढईत परतून, वाळवून आणी. उत्तिय उकळते पाणी चुलीवरून उतरवी, वाफ मंदावेपर्यंत थांबे आणि मगच पानांवर ओती.

एकदा उत्तिय परगावी गेला होता. राजा शिकारीहून तहानेने व्याकूळ होऊन आला. "आण लवकर!" तो भद्रक नावाच्या सेवकावर खेकसला. घाबरलेल्या भद्रकाने खदखदते पाणीच पानांवर ओतले. चहा कडूजहर झाला. राजाने वाटी भिंतीवर आपटली. "त्या बाईने पानेच कडू दिली. उद्या तिची बोटे तोडा!" भद्रक खाली मान घालून गप्प राहिला. जीव कोणाला प्यारा नसतो?

सकाळी उत्तिय परतला. सारे ऐकून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तडक सभेत गेला. केसिनीला तिथे आणून उभे केले होते.

"महाराज, याच पानांचा चहा मी करतो. कडू लागला तर माझीही बोटे तोडा."

पाणी उकळले. त्याने ते उतरवले आणि तो थांबला.

"ओत!" राजा गरजला.

"अजून नाही."

"मी राजा आहे!"

"पाण्याला ते ठाऊक नाही, महाराज."

राजाने तलवार उपसली. तपेली उचलून त्याच्या तोंडावर फेकावी, असे उत्तियला वाटले. पण तो हात त्याने मांडीखाली दाबून धरला. वाफ मंदावली, तेव्हाच त्याने पाणी ओतले.

राजाने घोट घेतला. कडवटपणाचा मागमूस नव्हता. तो भद्रकाकडे वळला. "म्हणजे चोर तू! याची बोटे तोडा!"

"पुरे!" उत्तिय उभा राहिला. "त्याला घाई कोणी केली? बोटे तोडायचीच असतील, तर आधी आपला हात पुढे करा."

राजाने केसिनीच्या काळवंडलेल्या बोटांकडे पाहिले. तलवार खाली टाकली. "चुकलो," तो म्हणाला. एवढे बोलायला त्याला फार वेळ लागला.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आज पेज गार मिळाली म्हणून उपासिकेवर ओरडलेला हा भिक्षू. केसिनी म्हणजे ती उपासिका, भद्रक म्हणजे तेव्हा मुकाट बसलेला याचा सोबती. उत्तिय मीच होतो. राग मलाही आला होता, पण तो मी कोणाच्या अंगावर सांडू दिला नाही आणि सत्यही गिळले नाही. याला क्षांती म्हणतात."