उभी कबर

टेकाडावरची ही गोल कबर पाहून पाहुणे हमखास विचारतात, लहान मुलाची का? नाही. चांगल्या चार हात उंच माणसाची आहे. त्याला इथे उभा पुरला आहे, असे सांगतात.

नाव आंद्रे. आम्हा वारल्यांनी त्याचा आंदूबाबा केला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसा एक पेटी घेऊन हा गोरा पाद्री खाडीकाठी उतरला, तेव्हा पाड्यात म्हणे बावीस झोपड्या आणि पाच होड्या होत्या. माणूस वाईट नव्हता. तापाला औषध द्यायचा, लावणीला चिखलात उतरायचा. त्याच्या रोपांच्या वाकड्या ओळी पाहून बायका हसायच्या, तर तोही हसायचा. पण हेका धरला की सोडायचा नाही.

त्याला देऊळ बांधायचे होते आणि आढ्याला लांब लाकूड हवे होते. टेकाडावर एकच जुना ताड होता. जिवली नावाच्या म्हातारीने त्याला बजावले, की तो देव आहे, आमच्या माणसांना तो घरी आणतो. बाबाला ती भोळी समजूत वाटली. झाड पडले की तीही पडेल. कार्तिकात पुरुष मासेमारीला गेलेले पाहून त्याने एकट्यानेच कुऱ्हाड चालवली.

जिवली धापा टाकत वर आली. झाडासाठी ती रडली नाही. म्हणाली, "देवाचां देव बघल. आमची मानसां घरा कशी येतील?"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत. समोर ताड दिसला की त्या खुणेवर होडी आत घालायची, ही इथली रीत. आणि त्याच दुपारी आभाळ फिरले.

बाबाने अंगातला पांढरा झगा काढून बांबूला बांधला आणि तो उंच धरून ताडाच्या बुंध्यावर उभा राहिला. भर पावसात उघडाबंब. वाऱ्याने म्हणे त्याला दोनदा खाली पाडले, दोनदा तो परत चढला. त्या झग्याच्या खुणेवर चार होड्या आत आल्या. पाचवी आली नाही. तिच्यात जिवलीचा एकुलता मुलगा दिवल्या होता.

सकाळी बाबा तिच्या पाया पडायला खाली उतरू लागला. सगळा पाडा जमला होता. जिवलीने नुसते बोट दाखवले असते, तरी त्याला कोणी जिवंत ठेवले नसते. तिने त्याच्या हातात पेजेचे मडके दिले.

"खाली नको येव," ती म्हणाली. "उबा ऱ्हे. माजा पोर येयाचा हाय."

तो उभा राहिला. त्याने नवा ताड लावला आणि तो वाढेपर्यंत, होड्या बाहेर असल्या की बाबा झगा घेऊन टेकाडावर. एकवीस वर्षे. देऊळ राहूनच गेले. किती जण ख्रिस्ती झाले म्हणाल, तर तिघे, त्यातलाही एक माघारी आला. मला मात्र या माणसाची फार माया वाटते. चुका सगळेच करतात, पाहुणे; चुकल्या जागी उभा राहणारा विरळा.

जिवली आधी गेली. मग बाबाचेही दिवस भरले. तोवर ताड चांगला उंच झाला होता, होड्यांना झग्याची गरज उरली नव्हती. तरी पाड्यातल्या माणसांना जवळ बोलावून तो म्हणाला, "मला आडवा करू नका. दिवल्या अजून यायचाय."

आजही आम्ही पितरांना भात ठेवतो, तेव्हा दर्याने नेलेल्या एकेकाचे नाव घेतो. दिवल्याचे नाव त्यात कोणी घेत नाही.