श्रीमंतांची मोटार आणि वाकडा रस्ता

"रस्ता वाकडा आहे!" श्रीमंत रणधवलरावांनी निर्णय दिला.

त्यांच्या परदेशी मोटारीचे नाक त्या वेळी लिंगोजी गुरवाच्या तुळशीवृंदावनात घुसलेले होते. वृंदावन ढासळले होते. मोटार मात्र अशी विनम्र उभी होती, की पाहणाऱ्याला वाटावे, ही दर्शनालाच आली आहे!

खरे कारण साऱ्या निंबवडी संस्थानाला ठाऊक होते. दसऱ्याच्या दिवशी श्रीमंतांनी स्वहस्ते मोटार हाकून राजवाड्याच्या दगडी पायरीवर चढवली होती. तेव्हापासून स्टिअरिंग कितीही सरळ धरा, मोटार डावीकडे ओढे. पुढची चाके रेषेत राहिलेली नाहीत, असे चालक येसाजीने नम्रपणे सांगितले. आणि तितक्याच नम्रपणे त्याला हद्दीबाहेर नेऊन सोडण्यात आले. पाठोपाठ हुकूम सुटला, "मोटारीत खोट आहे असे जो म्हणेल तो हद्दपार, मग तो कोणीही असो!" त्या दिवसापासून प्रजेला मोटारीत केवळ गुणच दिसू लागले.

श्रीमंत दर सोमवारी बिल्वेश्वराच्या दर्शनाला निघत, वाटेत डाव्या हाताला राहणाऱ्या गुरवांपैकी कोणाचा तरी ओटा किंवा कुंपण कृतार्थ करीत, आणि पालखीतून घरी परतत. मोटार मागून बैल ओढून नेत.

"रस्त्याला डावीकडे उतार आहे, सरकार," दिवाणजी म्हणाले. "मी स्वतः तांब्याभर पाणी ओतून पाहिले. पाणीसुद्धा आज्ञाधारकपणे डावीकडेच गेले!"

"मग डावीकडची घरे पाडा आणि रस्ता रुंद करा!"

लिंगोजीच्या हातातली बेलाची परडी खाली पडली. त्याची मुलगी सगुणा पडलेल्या वृंदावनातून तुळशीचे रोप अलगद उचलत होती. ते ओच्यात घेऊन ती तशीच पुढे आली.

"सगुणे, गप्प राहा!" लिंगोजी पुटपुटला.

"सरकार, रस्ता सरळ असला तर घरे राहतील ना?"

"सिद्ध कर! पुढच्या सोमवारपर्यंत. पण माझ्या मोटारीविषयी एक अक्षर उच्चारलेस, तर हद्दपार!"

"मोटारीविषयी बोलणारी मी कोण? मी फक्त देवाविषयी विचारते. शंकराची प्रदक्षिणा कशी घालतात, सरकार?"

"हे काय विचारणे झाले? सोमसूत्रापर्यंत, म्हणजे पिंडीचे पाणी वाहते त्या पन्हळीपर्यंत जायचे, ते ओलांडायचे नाही, आणि त्याच वाटेने मागे फिरायचे."

"त्याच वाटेने," सगुणेने हात जोडले. "आणि सरकारांची स्वारी मात्र मोटारीने येते नि पालखीने जाते. देवाची सेवा दर सोमवारी अर्धीच राहते. पुढच्या सोमवारी मोटारीनेच, त्याच वाटेने परतावे. रस्त्याला डावीकडे उतार असेल, तर परतताना तो उजव्या हाताला येईल. मोटार उजवीकडे गेली, तर आमची घरे आम्हीच पाडू!"

"वा! बिनतोड!" दिवाणजी उद्गारले, आणि आपण कोणाला वाखाणले हे ध्यानात येताच खोकू लागले.

सोमवार आला. बैलांनी मोटार देवळापुढे आणून तिचे तोंड राजवाड्याकडे वळवून ठेवले. आता घरे उजव्या हाताला होती, आणि डाव्या हाताला श्रीमंतांची प्राणप्रिय गुलाबबाग. लिंगोजी दारात शिवनाम जपत होता. सगुणा बागेच्या फाटकाशी उभी राहिली.

मोटार निघाली आणि डावीकडे ओढू लागली.

"उजवीकडे, सरकार!" मागे बसलेले दिवाणजी किंचाळले.

"उजवीकडेच वळवतो आहे!"

सगुणा चटकन बाजूला सरली. फाटक मोडले, कुंपण मोडले, आणि तांबड्या गुलाबांच्या ऐन मध्यभागी मोटार थांबली. श्रीमंतांच्या फेट्यात काटे होते आणि दिवाणजींच्या मिशीत पाकळ्या.

"रस्त्याचा काय संबंध!" श्रीमंत गरजले. "ही मोटारच डावीकडे ओढते! हिची चाकेच वाकडी आहेत!"

दिवाणजी आकाशातले ढग न्याहाळू लागले.

"हे वाक्य मी उच्चारलेले नाही, सरकार," सगुणा हळूच म्हणाली.

श्रीमंतांना आपला हुकूम आठवला. "म्हणजे आता मी स्वतःलाच हद्दपार करू?"

"राजाचा शब्द आहे, पाळावाच लागेल! पण पुण्यातला मोटारींचा कारखाना आपल्या हद्दीबाहेरच आहे. चाके सरळ होईपर्यंत तिथेच मुक्काम करावा. शब्दही पाळला जाईल आणि मोटारही सुधारेल. बैल तयारच आहेत. शिवाय येसाजीकाकाही हद्दीपलीकडेच आहेत. परतताना स्टिअरिंग त्यांच्या हाती द्यावे, एवढेच मागणे."

श्रीमंत असे खदखदून हसले, की फेट्यातले काटे गळून पडले!

श्रीमंत मोटारीसह पुण्याला गेले, आणि परतताना स्टिअरिंग येसाजीच्या हाती होते. गुरवांची घरे त्यांना कायमची इनाम मिळाली. सगुणेच्या तुळशीला नवे दगडी वृंदावन लाभले. आणि दिवाणजींना श्रीमंतांनी त्यांचाच तांब्या हाती दिला, मोडलेल्या गुलाबांना रोज पाणी घालण्यासाठी!